प्रथिनांची ‘भाषा’ : एका रूपकाची तपासणी

जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आणि वर्गातील व्याख्यानांतून एक रूपक इतके रुळले आहे की, ते रूपक आहे याचेच भान आता सुटत चालले आहे. वीस अमिनो आम्ले ही वर्णमाला. त्यांच्या जुळणीतून होणारे लहान बंध, म्हणजे मोटिफ, हे शब्द. डोमेन हे वाक्य. आणि सबंध प्रथिन हा परिच्छेद, अशी ही सुटसुटीत मांडणी आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ती वाचून प्रथम संतोष वाटतो, कारण दुसऱ्या शास्त्राने आपल्या शास्त्राकडे काही उसने मागितले असे त्याला दिसते. परंतु उसने दिलेली वस्तू तेथे कशी वापरली जात आहे हे पाहण्याचा त्याला अधिकार आहे, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. हे रूपक कोठपर्यंत पोचते आणि कोठे तुटते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ अलंकाराचा नाही. मराठीत या विषयाच्या संज्ञा अद्याप स्थिर व्हावयाच्या आहेत. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा एकाही प्रथिनाची त्रिमितीय रचना जगात कोणाला ठाऊक नव्हती. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी आल्फा-सर्पिल मांडले ते १९५१ साली. लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक या पायऱ्या सांगितल्या त्या १९५२ साली. सँगर यांनी इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांचा अनुक्रम पुरा केला तो १९५५ साली. आणि केंड्रू यांच्या मायोग्लोबिनची पहिली अंधुक आकृती दिसली ती १९५८ साली. मोटिफ, डोमेन, फोल्ड या कल्पना त्याच्याही नंतरच्या. म्हणजे त्यांना मराठी नावे देण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे. अशा वेळी ‘शब्द’ आणि ‘वाक्य’ या रूपकाच्या आधारे आपण नावे ठेवली, तर चूक नावातच जाऊन बसेल. आणि नावात बसलेली चूक पुढे वर्गावर्गांतून पाठ होत राहील.

रूपकाचा खरा अधिकार जेथे आहे तेथपासून आरंभ करू. जनुकीय संकेत ही गोष्ट भाषेला पुष्कळ जवळची आहे. तीन-तीन न्यूक्लिओटाइडांच्या ६४ संकेतांपैकी ६१ संकेत वीस अमिनो आम्लांकडे निर्देश करतात आणि उरलेले तीन थांबण्याची सूचना देतात. विशिष्ट संकेत आणि विशिष्ट अमिनो आम्ल यांच्यामध्ये आकाराचे वा गुणधर्माचे अनिवार्य नाते दिसत नाही, वाहक आर.एन.ए. आणि त्याला अमिनो आम्ल जोडून देणारे विकर हे नाते टिकवून धरतात. सोस्यूर यांनी चिन्हाचा जो यादृच्छिकपणा सांगितला, त्याच्याशी याचे साम्य उघड आहे. येथे ‘वाचणे’ हे क्रियापदही शोभते, कारण रायबोसोम संदेश क्रमाने पुढे सरकत खरोखरच वाचतो.

परंतु शृंखला रायबोसोममधून बाहेर पडली की वाचन संपते. नंतर तिला कोणी वाचत नाही. ती घडी घेते. ‘अमिनो आम्ल म्हणजे वर्ण’ हे समीकरण येथेच डळमळू लागते. भाषेतील वर्ण स्वतः अर्थशून्य असतो. ‘क’ आणि ‘ग’ यांना स्वतःचा अर्थ नाही. ‘काळा’ आणि ‘गाळा’ हे शब्द वेगळे ठेवणे एवढेच त्यांचे काम. अर्थशून्य घटकांतून अर्थपूर्ण घटक उभा राहणे या गोष्टीलाच मार्तिने यांनी भाषेची दुहेरी संधी म्हटले. अमिनो आम्लाचे तसे नाही. ल्युसीन पाण्याला टाळते, लायसीन धन भार वाहते, ग्लायसीन जवळपास कोणत्याही कोनात वळते, प्रोलीन पाठकण्याला ताठ करते, सिस्टीन दुसऱ्या सिस्टीनशी गंधकाचा बंध जोडते. यांतील प्रत्येकाला शृंखलेत शिरण्यापूर्वीच स्वतःचा स्वभाव आहे. जिथे वर्णालाच स्वभाव आहे, तिथे वर्णमाला हा शब्द केवळ संख्येपुरता खरा उरतो.

या स्वभावाचा प्रभाव किती, हे ॲनफिन्सन यांच्या प्रयोगाने दाखविले. रायबोन्यूक्लिएज या विकरात १२४ अमिनो आम्ले आणि चार गंधकबंध आहेत. युरियाच्या तीव्र द्रावणात क्षपणकारक घालून त्यांनी ही घडी पूर्ण मोडली आणि नंतर ती द्रव्ये काढून घेतली. आठ सिस्टीनांच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. तरी त्यांतील एकच, मूळची जुळणी परत आली आणि विकराचे कार्यही परत आले. या कार्यासाठी त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मोडलेले वाक्य भांड्यात ठेवले असता आपोआप अन्वय लावून घेते, असे भाषेत कोठे घडत नाही. वाक्याला वक्ता लागतो. शृंखलेला योग्य द्रावण लागते. पेशीत पुष्कळ प्रथिनांना घडी घेताना मदतनीस प्रथिनांचा आधार लागतो हे खरे, पण ते मदतनीस चुकीची गुंतागुंत टाळतात. कोणती घडी घ्यावयाची हे ते सांगत नाहीत.

मग प्रथिनांत व्याकरणासारखे काहीच नाही काय? आहे, आणि त्याचा शोध भारतात लागला. गो. ना. रामचंद्रन यांनी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह मद्रास येथे १९६३ साली दाखवून दिले की, पेप्टाइड शृंखलेच्या पाठकण्यातील फाय आणि साय हे दोन कोन वाटेल ती मूल्ये घेऊ शकत नाहीत. अणू एकमेकांवर आदळतात म्हणून आलेखाचा मोठा भाग निषिद्ध ठरतो. भाषेतही निषेधाचे असे नियम असतात. मराठी शब्दाच्या आरंभी ‘ळ’ येत नाही, ‘ण’ येत नाही. हे कोणी शिकवीत नाही, तरी सर्व बोलणारे पाळतात. साम्य आहे ते एवढ्यापुरते : दोन्हीकडे काय घडेल हे सांगण्यापेक्षा काय घडणार नाही हे सांगणे सोपे आहे. मात्र ‘ळ’ शब्दारंभी न येणे हा मराठीचा संकेत आहे. मुखाच्या रचनेने तो लादलेला नाही. रामचंद्रन यांचा निषेध अणूंच्या आकारमानातून येतो, म्हणून तो सर्व जीवसृष्टीत सारखाच लागू आहे. त्याला व्याकरण म्हणावयाचे तर हे व्याकरण बोलीभेद जाणत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आता मोटिफ या संज्ञेकडे वळू. इंग्रजीत ती दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरली जाते, आणि बराचसा घोटाळा त्यातूनच उत्पन्न होतो. पहिली वस्तू अनुक्रमातील : साखरेची साखळी जोडण्याची जागा दाखविणारा ‘ॲस्परजीन, मग प्रोलीन सोडून कोणतेही एक, मग सेरीन किंवा थ्रिओनीन’ हा क्रम, अथवा १९८२ साली वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ए.टी.पी. बांधणाऱ्या प्रथिनांत ओळखलेला ग्लायसीन-लायसीनयुक्त क्रम. ही अक्षरे कागदावर शोधता येतात. दुसरी वस्तू अवकाशातील : बीटा-धाग्यांची केसपिनेसारखी जोडी, सर्पिल-वळण-सर्पिल, किंवा क्रेटसिंगर यांनी १९७३ साली कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनमध्ये पाहिलेला, कॅल्शियम धरणारा ‘ई-एफ हात’. ही कागदावर शोधण्याची वस्तू नव्हे. ती आकृती आहे. ई-एफ हातात अनुक्रम आणि आकृती बऱ्याच अंशी बरोबर चालतात, परंतु केसपिनेच्या आकाराला असा एक ठरलेला अनुक्रम नाही. ग्रीक कलशांवरील नक्षीवरून नाव पडलेल्या बंधाचेही तेच.

लोकसाहित्याच्या अभ्यासात मोटिफला आपण ‘कल्पनाबंध’ म्हणतो, आणि तेथे तो शब्द उत्तम बसला आहे. कारण कल्पनाबंध कोणत्या शब्दांत सांगितला यावर अवलंबून नसतो. सावत्र आईची कल्पना वऱ्हाडीत सांगा वा मालवणीत, बंध तोच. अवकाशातील मोटिफ याच जातीचा आहे. अनुक्रमातील मोटिफ मात्र ठरलेल्या शब्दांच्या सूत्रासारखा आहे. इंग्रजीने दोघांना एका पिशवीत घातले म्हणून आपणही घालावे असे नाही. पहिल्याला ‘अनुक्रमखूण’ आणि दुसऱ्याला ‘रचनाबंध’ म्हटल्यास विद्यार्थ्याला उत्तर लिहिताना आपण कशाविषयी बोलतो आहोत हे आधी ठरवावे लागेल.

रचनाबंधाला ‘शब्द’ म्हणण्यात आणखी एक अडचण आहे. शब्दाला वाक्याबाहेरही काही अर्थ उरतो. ‘झाड’ एवढेच म्हटले तरी ऐकणाऱ्याला काही कळते. रचनाबंध प्रथिनाबाहेर काढला तर सामान्यतः तो आकारही टिकवीत नाही. काब्श आणि सँडर यांनी १९८४ साली दाखविले की, पाच अमिनो आम्लांचा तोच तुकडा एका प्रथिनात सर्पिल होतो तर दुसऱ्यात बीटा-धागा. मायनर आणि किम यांनी १९९६ साली तर अकरा अमिनो आम्लांचा एक तुकडा मुद्दाम घडवून तो एकाच प्रथिनात दोन निरनिराळ्या जागी ठेवला. एका जागी तो सर्पिल झाला, दुसऱ्या जागी धागा. ‘वार’ या शब्दाचा अर्थ दिवस, घाव की कापडाचे माप हे संदर्भाने ठरते, असे साम्य कोणी दाखवील. पण तेथे संदर्भ तयार अर्थांतून एकाची निवड करतो. येथे संदर्भच आकार घडवितो.

डोमेनची गोष्ट याच्या उलट आहे. वेटलॉफर यांनी १९७३ साली सांगितले की, प्रथिनातील जो भाग स्वतंत्रपणे घडी घेऊ शकतो असे मानावे तो एक घटक. आय.जी.जी. या प्रतिपिंडात हे चांगले दिसते : हलक्या शृंखलेत दोन आणि जड शृंखलेत चार, प्रत्येकी सुमारे ११० अमिनो आम्लांचे, एकाच घाटाचे खंड ओवलेले आहेत. डोमेनचे मर्म हे स्वातंत्र्य आहे. म्हणून त्याला ‘क्षेत्र’ म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही. क्षेत्र म्हटले की सपाट भूमी आणि तिच्यावर कोणी आखलेली सीमा मनात येते. येथे सीमा आखणारा कोणी नाही. खंड स्वतःच घडी घेऊन आपली सीमा दाखवितो. ‘घडीखंड’ हा शब्द ओबडधोबड वाटेल, पण तो खोटे बोलत नाही.

तथापि या स्वातंत्र्यालाही मर्यादा आहे, आणि ती दाखविणारे उदाहरण आपल्या उपनगरांच्या कडेलाच, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अभ्यासले गेले आहे. एच.आय.व्ही. विषाणूचे प्रोटिएज हे विकर ९९ अमिनो आम्लांच्या दोन एकसारख्या शृंखलांचे बनते. प्रत्येक शृंखलेत पंचविसाव्या स्थानापासून ‘ॲस्पार्टिक आम्ल-थ्रिओनीन-ग्लायसीन’ ही अनुक्रमखूण आहे. पेप्सिन या जठरातील विकरात मात्र सुमारे सव्वातीनशे अमिनो आम्लांची एकच शृंखला आहे आणि तीच खूण तिच्यात दोनदा येते, दोन खंडांत एकेकदा. टँग, ब्लंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली यावरून असे प्रतिपादिले की, पेप्सिनचे जनुक एका लहान जनुकाच्या द्विरुक्तीतून आले. पर्ल आणि टेलर यांनी १९८७ साली हा धागा पुढे नेला : विषाणूच्या विकरात खूण एकदाच येते, तेव्हा त्याच्या दोन प्रती एकत्र आल्याशिवाय काम होणार नाही. १९८९ साली स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासाने हे अनुमान खरे ठरविले. अनुक्रमाच्या वाचनाचे हे मोठे यश आहे, आणि रूपकावर टीका करताना ते लपवून ठेवणे अन्यायाचे होईल.

मराठी व्याकरणाच्या वाचकाला येथे अभ्यस्त शब्दांची आठवण होईल. ‘हळूहळू’ हा पूर्णाभ्यस्त, ‘आजूबाजू’ हा अंशाभ्यस्त. विषाणूचे विकर पूर्णाभ्यस्तासारखे : तोच घटक दोनदा, जसाच्या तसा. पेप्सिन अंशाभ्यस्तासारखे : दोन भाग एकाच मुळाचे, पण काळाच्या ओघात परस्परांपासून दुरावलेले. तुलना मोहक आहे. म्हणूनच ती तपासली पाहिजे. ‘आजूबाजू’ मध्ये ‘आजू’ ला स्वतःचे काम नाही, तो नादापुरता आला आहे. पेप्सिनच्या दोन्ही खंडांना काम आहे : प्रत्येकाकडून एकेक ॲस्पार्टिक आम्ल येते, आणि दोन्ही समोरासमोर आल्यावाचून पेप्टाइडबंध तुटत नाही. आणि ‘हळूहळू’ मधला एकटा ‘हळू’ भाषेत सुखाने नांदतो, तर विषाणूची एकटी शृंखला कापण्याचे काम करू शकत नाही. क्रियास्थान दोघींच्या सीमेवरच आहे.

तुर्भ्याचा अभ्यास या ठिकाणी उपयोगी पडतो. दोन शृंखला लहान दुव्याने जोडून त्यांची एकच शृंखला करता येते, हे १९९० सालीच अन्यत्र दाखविले गेले होते. बी. पिल्लई, के. के. कन्नन आणि एम. व्ही. होसूर यांनी अशा जोडलेल्या विकराचे स्फटिक घेऊन त्याची रचना १.९ आँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेने निश्चित केली आणि २००१ साली ती प्रसिद्ध केली. ९९ अधिक पाचांचा दुवा अधिक ९९, अशी ही २०३ अमिनो आम्लांची शृंखला आहे. क्रियास्थानावर दोन बीटा-केसपिनांची झाकणे असतात. ज्यात दुसरा रेणू बांधलेला नाही अशा विकराच्या आधीच्या स्फटिकांत ही झाकणे अर्धवट उघडी आढळली होती. या स्फटिकांत ती रिकाम्या विकरावरही मिटलेली आढळली. म्हणजे झाकणे मिटण्यासाठी आत काही असलेच पाहिजे असे नाही. या विकराला रोखणारी औषधे झाकणांच्या खालीच बसतात. तेव्हा ही माहिती केवळ कुतूहलाची नाही.

आमच्या प्रश्नासाठी या रेणूचे महत्त्व निराळे आहे. तो एक की दोन? शृंखला मोजाल तर एक. घडीखंड मोजाल तर दोन. क्रियास्थान मोजाल तर पुन्हा एक. पाच अमिनो आम्लांचा दुवा जोडण्यापूर्वी शृंखला दोन होत्या; खंड आणि क्रियास्थान यांच्या संख्येत दुव्याने काहीच फरक पडला नाही. ‘डोमेन म्हणजे वाक्य’ असे म्हणणाऱ्याला येथे उत्तर देता येणार नाही, कारण त्याने शृंखला, घडी आणि कार्य ही तीन मापे एकच धरली आहेत. भाषेतही ध्वनीचा घटक, व्याकरणाचा घटक आणि अर्थाचा घटक यांच्या सीमा नेहमी जुळत नाहीत. हे आम्ही पदव्युत्तर वर्गाला पहिल्याच सत्रात शिकवितो. जीवरसायनाने भाषाशास्त्राकडून उसने घ्यावयाचे ते हे पथ्य. ‘शब्द’ आणि ‘वाक्य’ ही नावे नव्हेत.

प्रथिनांच्या वर्गीकरणातही असेच एक पथ्य उपयोगी आहे. तंतुरूप, गोलाकार आणि पटलस्थ हे जुने वर्ग आकार व स्थान पाहून केलेले : केराटीन आणि कोलॅजेन पहिल्यात, हिमोग्लोबिन दुसऱ्यात, पेशीपटलात रुतलेली प्रथिने तिसऱ्यात. लेव्हिट आणि चोथिया यांनी १९७६ साली गोलाकार प्रथिनांचे चार वर्ग सांगितले : केवळ सर्पिलांचे, केवळ बीटा-पटांचे, दोन्ही आलटून पालटून येणारे, आणि दोन्ही वेगवेगळ्या भागांत असणारे. १९९५ सालच्या ‘स्कॉप’ आणि १९९७ सालच्या ‘कॅथ’ या कोशांनी त्याखाली घडी, महाकुल, कुल अशा पायऱ्या बांधल्या. भाषांचे वर्गीकरण करताना आपण वंश आणि घाट यांत भेद करतो. मराठी आणि कोकणी वंशाने जवळच्या. मराठी आणि कानडी वंशाने दूर, पण शेजारामुळे काही बाबतींत घाटाने जवळ आलेल्या. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद द्राविडी भाषांतही आहे, म्हणून मराठी द्राविडी ठरत नाही. ‘स्कॉप’ मधील वर्ग आणि घडी या पायऱ्या घाटाच्या आहेत. महाकुल आणि कुल या वंशाच्या. मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनची आल्फा शृंखला यांत जेमतेम चौथा हिस्सा स्थाने समान आहेत, तरी ती एकवंशीय आहेत. उलट आठ धागे आणि आठ सर्पिले यांचे जे पिंप ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेजमध्ये दिसले, ते अनेक विकरांत आढळते. ती सर्व एका पूर्वजाची की काही स्वतंत्रपणे त्या घाटाला पोचली, यावर दीर्घ वाद झाला आहे. घाट पाहून वंश ठरविण्याची घाई दोन्ही शास्त्रांत सारखीच घातक आहे.

या चर्चेला आज अधिक निकड आली आहे. अनुक्रमावरून घडीचे भाकित करण्याच्या कामात २०२० सालच्या स्पर्धेत ‘आल्फाफोल्ड’ ने मोठी मजल मारली, आणि २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेकर, हसाबिस आणि जंपर यांना मिळाले. मानवी भाषेसाठी तयार झालेल्या पद्धतींनी प्रथिनांच्या अनुक्रमांवर शिकविलेल्या संगणकीय प्रतिमानांना तर ‘प्रथिन-भाषा-प्रतिमाने’ असेच म्हणतात. यावरून प्रथिने ही भाषाच आहे असे सिद्ध झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो चुकीचा आहे. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत कोणते बदल टिकले याच्या खुणा अनुक्रमांच्या संग्रहात साठलेल्या आहेत. त्या खुणांतील सहसंबंध ही यंत्रे टिपतात. कोणत्याही क्रमबद्ध संग्रहात नियमितता असली की ती अशी टिपता येते. पद्धत सारखी म्हणून वस्तू सारखी ठरत नाही.

उपनगरांतील आपल्या महाविद्यालयांतून शालेय शिक्षण मराठीत घेतलेले विद्यार्थी या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात येतात. ‘प्रथिन’ आणि ‘विकर’ हे शब्द ते शाळेतून घेऊन येतात. त्यापुढचे शब्द त्यांना इंग्रजीतून पाठ करावे लागतात, आणि अर्थाची जागा रूपक भरून काढते. त्यांच्यासाठी आमची सूचना मर्यादित आहे. अनुक्रमातील ठराविक क्रमाला अनुक्रमखूण, अवकाशातील आवर्ती आकृतीला रचनाबंध, स्वतंत्रपणे घडी घेणाऱ्या भागाला घडीखंड, आणि त्या खंडाच्या घाटाला घडी म्हणावे. याहून चांगले शब्द कोणी सुचविल्यास त्यांचे स्वागतच होईल. मात्र ते ठरविताना शृंखला, घडी, कार्य आणि वंश ही चार मापे वेगळी राहतात की नाही, ही कसोटी लावावी. वर्णमालेचे रूपक पहिल्या तासाला सांगण्यास हरकत नाही. दुसऱ्या तासाला पेप्सिन आणि विषाणूचे विकर शेजारी ठेवून ते कोठे तुटते, हेही विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.